लेकरांसाठी इर्जिक

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडलेला विषय. ज्यांना बैठकीला येता आले नाही, त्यांच्यासाठी भाषण जवळपास जसेच्या तसे देत आहोत.)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, सोयाबीनचा ओलावा आहे, पीकविम्याचे अडकलेले पैसे आहेत. त्यावर बोलणारी माणसे पुढे बसली आहेत आणि ती बोलतीलच. आमच्या वाट्याला आलेला विषय जरा वेगळा आहे. आपल्या गावातली लेकरे, आणि त्यांना मदत करायला शहरातून येणारे सेवाभावी क्लब. 'भावाच्या बैठकीत हे कशाला?' असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात गैर काही नाही. आमच्याही मनात आधी तेच आले होते. मग एक प्रसंग घडला, तो सांगतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. जानेवारीचा महिना होता. शहरातला एक क्लब आमच्या गावच्या शाळेत दप्तरे वाटायला आला. मांडव टाकला होता, फ्लेक्स लावला होता. पाहुण्यांना यायला उशीर झाला. लेकरे दोन तास उन्हात बसून होती. मग कार्यक्रम झाला. दप्तराला एक हात पाहुण्याचा, एक हात लेकराचा, आणि दोघांची तोंडे कॅमेऱ्याकडे. आम्हीच हार घातले, आम्हीच आभार मानले. चहा झाला, गाड्या गेल्या.

संध्याकाळी पारावर बसलो असताना शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "सगळं झालं छान. पण ज्या अकरा पोरांना दप्तराची खरी गरज होती, ती आज शाळेत नव्हतीच. ती दिवाळीपासून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलीत."

आता यात चूक कोणाची? क्लबवाल्यांना आपण शिव्या देऊ शकतो. पण त्यांनी आधी फोन करून विचारले होते की मुले किती. आम्ही हजेरीपटावरचा आकडा दिला होता. कोणते लेकरू कुठे आहे, कोणाच्या घरात काय आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हाला ठाऊक असायला हवे होते. आम्ही त्याच गावचे. आम्हालाच ते कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही स्वतःला विचारले नव्हते. म्हणून हा विषय घेतला.

हे क्लब आहेत तरी काय?

रोटरी, लायन्स ही नावे तुम्ही नांदेडला, लातूरला, उदगीरला, तालुक्याच्या गावालासुद्धा पाटीवर वाचली असतील. रोटरी सुरू झाली १९०५ साली, अमेरिकेतल्या शिकागो शहरात. लायन्सही तिथलीच, १९१७ सालची. रोटरी हिंदुस्थानात कलकत्त्याला १९२० साली आली, लायन्सचा पहिला क्लब मुंबईत १९५६ साली निघाला. कल्पना साधी आहे. गावातले व्यापारी, डॉक्टर, वकील, प्राध्यापक एकत्र बसतात. प्रत्येकाने वर्गणी द्यायची, ठरलेल्या दिवशी बैठक घ्यायची, दर वर्षी अध्यक्ष बदलायचा आणि आपल्या धंद्याच्या पलीकडे गावासाठी काही काम करायचे. कोणी डोळ्यांची शिबिरे घेते, कोणी रक्तदान, कोणी शाळेला बाक देते, कोणी दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबा देते.

आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, मोंढ्यात कट्टी कापणारा आणि कार्यक्रमात वह्या वाटणारा एकच माणूस असतो. असेलही. जुन्या माणसांना आठवत असेल, अडतीच्या पट्टीत हमाली, तोलाई यांच्याबरोबर 'धर्मादाय' नावाची एक कपात असे. शेतकऱ्याच्या पैशातून धर्म व्हायचा आणि नाव दुसऱ्याचे लागायचे. १९६३ सालच्या बाजार समितीच्या कायद्यानंतर अशा कपातींना आळा बसायला हवा होता, पण तो बसायलाही बराच काळ गेला. तेव्हा शहरातून गावाकडे जे काही परत येते, ते सगळेच उपकार असतात असे समजायचे कारण नाही. त्यातले काही आपलेच असते.

पण एवढे बोलून थांबलो तर ती अर्धीच गोष्ट होईल. वाटणाऱ्याचा हेतू तपासत बसण्यापेक्षा कोणते काम टिकले आणि कोणते वाहून गेले, ते तपासणे शेतकऱ्याच्या स्वभावाला धरून आहे. आपण बियाणे बघतो ते उगवणीवरून, पिशवीवरच्या चित्रावरून नव्हे. तर दोन उदाहरणे घेऊ.

पोलिओचे उदाहरण

चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी आपापल्या गावात पोलिओने पाय गेलेले पोर पाहिले आहे. ताप आला, दवाखान्यात नेले, ताप उतरला आणि पाय गेला. मग ते पोर आयुष्यभर गुडघ्यावर हात ठेवून चालायचे. शेतीच्या घरात त्याचा अर्थ काय होता, तो सांगायला नको.

रोटरीने १९८५ साली ठरवले की जगातून पोलिओ घालवायचा. आपल्या देशात सरकारची पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. लस सरकारची, राबणाऱ्या बहुतेक अंगणवाडीताई, आरोग्यसेविका, पुढे आशाताई. क्लबांच्या माणसांनी बूथ लावले, लोकांना समजावले, गाड्या दिल्या, पैसा गोळा केला. रोटरीने जगभरात या एका कामावर दोनशे कोटी डॉलरच्या वर खर्च केला. तरीही २००९ साली आपल्या देशात ७४१ रुग्ण निघाले. जगातले जवळजवळ निम्मे. लोक म्हणू लागले, हे काही व्हायचे नाही. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधल्या हावड्याला सापडला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागाला पोलिओमुक्त म्हणून दाखला दिला.

१९८५ ते २०१४. एकोणतीस वर्षे. यातून घ्यायचे काय? क्लबाचा अध्यक्ष दर वर्षी बदलतो. नवा अध्यक्ष आला की नवे काम, नवा फ्लेक्स, हे नेहमीचे. पण पोलिओच्या कामात अध्यक्ष बदलले, काम बदलले नाही. ज्या ठिकाणी एकच काम धरून ठेवले, त्याच ठिकाणी फळ आले. विहीर खणताना रोज नव्या जागी दोन फूट खणले तर पाणी लागत नाही, एवढी साधी ही गोष्ट आहे. आणि दुसरे म्हणजे, लस पाजताना घराघराची यादी होती. कोणत्या घरात पाच वर्षांच्या आतले किती, कोण बाहेरगावी गेले, कोण वीटभट्टीवर आहे, हे लिहून ठेवले होते. पाजलेल्या लेकराच्या बोटाला शाई लावत. एकही सुटू नये म्हणून. आमच्या गावच्या दप्तर वाटपात नेमकी तीच यादी नव्हती.

किल्लारीची लेकरे

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातले किल्लारी, उमरगा-लोहाऱ्याकडचे सास्तूर आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. आपली माळवदाची घरे, दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर पेंढमातीचे ओझे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर अंगावर पडले. सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

त्या वेळी देशभरातून मदत आली. आपल्यातले कितीतरी जण भाकरी बांधून, बैलगाड्या-ट्रॅक्टर घेऊन तिकडे गेले होते. ज्यांनी पाहिले त्यांना रस्त्याच्या कडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग आठवत असतील. फाटके सदरे, तिकडच्या बाईमाणसांनी कधी अंगाला लावले नसते असले कपडे. पाऊस आला, ते चिखलात गेले. देणाऱ्याचे मन मोठे होते, पण घेणाऱ्याला काय लागते हे विचारले नव्हते.

त्याच वेळी काही माणसांनी विचारले, जे जगले त्या लेकरांचे पुढे काय? पुण्याची भारतीय जैन संघटना, शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली सुरू केलेली, तिने भूकंपाच्या गावांतली सुमारे बाराशे मुले पुण्याला नेली. दोन महिन्यांसाठी नव्हे. शिक्षण पूर्ण होईपर्यंत राहणे, जेवण, शाळा, सगळी जबाबदारी घेतली. त्यासाठी पुण्याजवळ वाघोलीला मोठे संकुल उभे राहिले. विचार करा, पाचवीतले पोर पदवीधर व्हायचे म्हणजे दहा-अकरा वर्षे लागतात. वर्तमानपत्रातून किल्लारीचे नाव जाऊन कितीतरी दिवस झाले, तरी रोज सकाळी बाराशे ताटे मांडावी लागत होती. कोणी फोटो काढायला येत नसताना मांडावी लागत होती. काम म्हणतात ते हे.

राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी वेगळी वाट धरली. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले. तिथे भूकंपात निराधार झालेली लेकरे आपल्याच मुलखात ठेवली. बोलणे तेच, भाकरी तीच, माळरान तेच. आजोळचे कोणी आले तर एसटीने दुपारपर्यंत पोचावे इतके जवळ. पुढे इतर निराधार मुलांनाही त्या घराने आधार दिला.

यातली कोणती वाट बरी? आम्ही यावर पुष्कळ बोललो आहोत. लांब नेलेल्या लेकराला मोठ्या शहरातली शाळा मिळते, पण त्याची गावाशी नाळ तुटायची भीती असते. भाऊबंद त्याचे वावर करून खातात आणि वीस वर्षांनी ते परत आले की बांधावर ओळख दाखवत नाहीत. जवळ ठेवलेल्या लेकराची नाळ राहते, पण जवळ चांगली शाळा, चांगला दवाखाना असायला हवा. आमचे मत असे झाले की, जिथे मागे एकही माणूस उरला नाही तिथे दूरचे घरसुद्धा घरच आहे. पण जिथे आई आहे, आजी आहे, तिथे लेकराला आईपासून न तोडता मदत आईच्या उंबऱ्यापर्यंत आणता आली तर ती सगळ्यात चांगली. दोन्ही वाटांत एक गोष्ट मात्र सारखी होती. लेकरू हातात घेतले ते मोठे होईपर्यंत सोडले नाही.

आवाज न होणारा भूकंप

किल्लारीला जमीन हलली तेव्हा जगाला ऐकू गेले. नंतरच्या काळात आपल्या घरांत जे घडत आले ते कोणाला ऐकू गेले नाही. २०१५ साली एकट्या मराठवाड्यात अकराशेच्या वर शेतकऱ्यांनी जीव दिला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती पाण्याची गाडी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. पण अकराशे घरांतले ते अकराशे उंबरे कोणी पाहिले नाहीत. तिथे तलाठी आले, पोलीस आले, पंचनामा झाला. तेराव्याला भाऊबंद जेवून गेले. चौदाव्या दिवशी घरात उरली एक तिशीतली बाई, एक म्हातारी आणि दोन-तीन लेकरे.

२०१५ सालीच नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम' सुरू केले आणि अशा घरांपर्यंत जायला सुरुवात केली. वाघोलीच्या त्याच संकुलात, जिथे किल्लारीची लेकरे वाढली, तिथे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची शेकडो मुले शिकायला गेली. हे चांगले झाले. पण सगळी लेकरे वाघोलीला जाऊ शकत नाहीत आणि जाऊही नयेत. उरलेली तुमच्या-आमच्या गल्लीत आहेत. थोरली पोरगी आठवीतून काढून रानात खुरपायला घातलेली आहे. धाकटा मुकादमाची उचल घेणाऱ्या मामाबरोबर कोयत्यावर गेला आहे. पोरीसाठी स्थळ बघणे चालू आहे, तिला सोळावे लागले नसतानाही.

आपण सभेत नेहमी म्हणतो, शेतमालाला भाव मिळाला तर कोणाच्या दयेची गरज उरणार नाही. हे खरे आहे आणि त्यासाठीच आपण लढत आलो. पण भाव या हंगामात नाही मिळाला तर पुढच्या हंगामात मिळेल अशी आशा धरता येते. पोराची पाचवी एकदाच येते. पोरगी एकदा शाळेतून काढली आणि उजवली की भाव दुप्पट झाला तरी ती वर्गात परत बसत नाही. म्हणून लढाई चालू असतानाच हे काम करावे लागेल. लढाई संपल्यावर करू म्हटले तर लेकरे वाट पाहत थांबणार नाहीत.

वह्यांपेक्षा कागदाचे काम

आता नेमके करायचे काय ते सांगतो. पैसा लागणारे काम नंतर. आधी बिनपैशाचे.

आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपये मिळतात. हा निर्णय २००६ सालचा. तीस हजार हातात, सत्तर हजार वारसाच्या नावे ठेव. पण त्याला पात्र-अपात्र लागते. शेत बापाच्या नावावर होते, कर्ज बँकेचे नव्हते, विनापरवाना सावकाराचे होते, असे काही निघाले की कागदावर 'अपात्र' शिक्का बसतो. अपात्र शिक्का बसला की घरातली बाई समजते, आता सरकारकडून आपल्याला काहीच मिळणार नाही. इथेच चूक होते.

कारण बालसंगोपन योजनेला हा शिक्का लागत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे तिचे आताचे नाव. आई किंवा बाप गेला असेल, मग तो कशानेही गेलेला असो, अपघाताने, आजाराने, करोनाने, तर अठरा वर्षांखालच्या लेकरासाठी अर्ज करता येतो. आधी महिन्याला ४२५ रुपये मिळत, २०२१ साली ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा. मंजुरी बालकल्याण समिती देते. लागते काय? मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचे पासबुक, फोटो.

हिशेब करून बघा. महिन्याला २२५० म्हणजे वर्षाला २७ हजार. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७१२१ रुपये. म्हणजे एका लेकराचे वर्षाचे पैसे झाले जवळजवळ पावणेचार क्विंटल कापसाचे. कोरडवाहू एकरात खत-फवारणी-वेचणी जाता हातात काय उरते ते तुम्ही जाणता. त्या बाईला हे पैसे मिळणे म्हणजे तिच्या कोरडवाहू वावराला कधीही न करपणारे एक वावर जोडून देणे आहे. आणि ते मिळत नाहीत ते कशामुळे? दाखल्यावर नाव चुकले, पासबुक निघाले नाही, जिल्ह्याच्या गावी जायला दोन दिवसांची मजुरी बुडते. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रारही खरी आहे. पण ज्याचा अर्जच गेला नाही त्याने तक्रार तरी कशाची करायची?

एक अर्ज पुरा करायला गावातल्या शिकलेल्या पोराचे दोन-तीन दिवस जातात. त्यातून लेकराला वर्षाला २७ हजार मिळतात. दोनशे रुपयांच्या दप्तराशी ताडून पाहा.

दुसरे काम वारसाच्या नोंदीचे. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर बाईचे आणि लेकरांचे नाव लागले की नाही, हे पहिल्या तीन महिन्यांत बघा. उशीर झाला की दीर आणि पुतणे कायदा शिकवू लागतात. ज्या घरी नाव लागले त्या घरची पोरगी शाळेत टिकते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरे काम ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर, या डोंगराळ कोरडवाहू भागातून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे निघतात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. शाळेचे निम्मे वर्ष गेले. त्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत मागणी केली तर लेकरू गावातच, आजीजवळ राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. मागणी गाड्या निघायच्या आधी गेली पाहिजे. आमच्या गावची अकरा लेकरे त्या वर्षी गेली ती याच कारणाने. कोणी वेळेवर मागणीच केली नव्हती. पुढच्या वर्षी केली. अकरापैकी सात थांबली. चारांच्या घरी सांभाळायला म्हातारे माणूसच नव्हते. त्यांचे अजून आम्हाला जमलेले नाही.

इर्जिकीचे नियम

आता क्लबांकडे परत येऊ. सेवेचा क्लब ही कल्पना परकी आहे असे समजू नका. आपल्याकडे ती जुनी आहे. तिचे नाव इर्जिक. ज्याचा बैल मेला, जो आजारी पडला, ज्याची पेरणी मागे राहिली, त्याच्या वावरात सगळ्या गावाचे नांगर एका दिवशी उतरायचे. दिवसभरात रान मोकळे. संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. त्या दिवशी कोणी कोणावर उपकार करत नव्हते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मदत घेणाऱ्याची मान खाली जात नव्हती, कारण पुढच्या वेळी त्याचाही नांगर दुसऱ्याच्या रानात असणार होता. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले आणि इर्जिक गेली. पण तिचे नियम अजून आठवतात. तेच नियम लेकरांच्या कामाला लावू.

पहिला नियम, गरज कोणाला ते गाव ठरवते. प्रत्येक गावात एक वही करा. बाप गेलेली, आई गेलेली, तोडीला जाणारी, शाळा सुटलेली, अपंग असलेली, अशी सगळी लेकरे तिच्यात लिहा. कोणाची जात, कोणाचा पक्ष बघू नका. भावकीत वैर असले तरी नाव गाळू नका. शहरातला क्लब आला की आधी ही वही पुढे ठेवा. वही मात्र सभेत मोठ्याने वाचू नका. एखाद्या बाईची अडचण चावडीवर वाचून दाखवणे ही मदत नव्हे.

दुसरा नियम, मदत घेणाऱ्याचा तमाशा होत नाही. कार्यक्रमाचा फोटो काढायचा तर शाळेचा काढा, मास्तरांचा काढा, आमचा काढा. दान घेणाऱ्या लेकराचा काढू नका. हे क्लबवाल्यांना नम्रपणे, पण आधीच सांगा. आम्ही सांगितले तेव्हा एक जण रागावला. दोघे मात्र म्हणाले, "बरं झालं सांगितलं, आम्हालाही ते अवघड वाटत होतं."

तिसरा नियम, अर्ध्या तासावर नांगर सोडायचा नाही. शंभर लेकरांना एकदा दप्तर देण्यापेक्षा चार लेकरे दहावी होईपर्यंत धरा, असे क्लबाला सांगा. अध्यक्ष बदलला तरी ती चार लेकरे बदलणार नाहीत, असे लिहून घ्या. पोलिओ एकोणतीस वर्षे धरता येतो तर चार लेकरे सहा वर्षे का धरता येऊ नयेत?

चौथा नियम, ज्याच्याकडे जे अवजार आहे ते त्याने आणावे. क्लबात डॉक्टर आहेत, वकील आहेत, हिशेब तपासणारे आहेत, बँकेतले आहेत. त्यांच्याकडे वह्या कशाला मागता? वकिलाला म्हणा, आमच्या तीन बायांच्या वारस नोंदी अडल्या आहेत, त्या सोडवून द्या. डॉक्टरला म्हणा, वर्षातून दोनदा येऊन लेकरांचे डोळे आणि कान तपासा. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेले पोर मठ्ठ ठरवले जाते, आणि एका चष्म्याने ते पुढे येते.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. इर्जिकीत आपलाही नांगर असतो. सुगीत प्रत्येक घरातून पायलीभर ज्वारी किंवा तेवढ्याचे पैसे लेकरांच्या वहीसाठी काढा. कोणी म्हणेल, आम्हीच कर्जात, आम्ही काय देणार? अहो, इर्जिक श्रीमंतांनी काढलेली नव्हती. ज्यांच्याकडे एकच बैलजोडी होती त्यांनी काढली होती. आपली पायली त्यात पडली की क्लबाची माणसे आणि आपण एका पंगतीला बसतो. मग ते दाते आणि आपण याचक, हे नाते उरत नाही. आणि त्या पायलीचा हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचा. नावे वाचू नका, आकडे वाचा.

भावांनो आणि बहिणींनो, आम्ही काही मोठे काम करून तुमच्यापुढे उभे नाही. आमच्या गावच्या वहीत आज तेवीस नावे आहेत. त्यातल्या नऊ लेकरांचे बालसंगोपनाचे पैसे सुरू झाले आहेत. पाच अर्ज कार्यालयात पडून आहेत. एका मुलीचे लग्न आम्हाला थांबवता आले नाही. तिचे नाव आम्ही वहीतून खोडलेले नाही.

बावन्न गावे एका पहाटे पडली तेव्हा आपण कोणी बोलावण्याची वाट पाहिली नव्हती. भाकरी बांधून निघालो होतो. आता तर लांब जायचेही नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावी, एवढेच मागणे आहे. ज्या गावाची वही कोरी असेल त्यानेही ती आणावी. कोरी का राहिली त्यावर मिळून बोलू.